जुनी फटफटी, नवी गाडी आणि सिस्टरचा अहवाल

सिस्टर येणार आहे, हे वरच्या वस्तीत कोणी कोणाला सांगावं लागत नसे. ओढ्यावरचा पूल ओलांडून तिची मोटारसायकल चढणीला लागली की तिची धडधड डोंगराच्या कुशीत घुमायची. पुढच्या पंधरा मिनिटांत आया पोरांची तोंडं धुऊन, लसीची कार्डं शोधून अंगणात हजर असायच्या. ज्या पोरांना सुई नको असायची ती त्याच आवाजावर माळ्यावर लपायची. एकूण त्या आवाजाचा सगळ्यांनाच उपयोग होता.

ती फटफटी सिस्टरने सव्वीस वर्षांची असताना आरोग्य केंद्रातल्या निवृत्त होणाऱ्या कंपाउंडरकडून घेतली. गाडी तेव्हाच दहा वर्षांची होती. घरच्यांनी नाकं मुरडली, बाईमाणूस आणि एवढं धूड कसं सांभाळणार म्हणून. तिने सांभाळलं. पुढे लग्न झालं ते चित्रकलेच्या मास्तरांशी, आणि मास्तरांना साधी सायकलही धड येत नव्हती. त्यामुळे अठ्ठावीस वर्षं सिस्टर पुढे आणि मास्तर मागे, गुडघे आवळून, छत्री काखेत धरून, असाच त्यांचा संसार रस्त्यावर दिसायचा.

गाडी सुरू करणं म्हणजे एक विधीच होता. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोन अर्ध्या किका मारायच्या आणि मग श्वास रोखून एक पूर्ण. थंडीत चार. सीटखालच्या पेटीत पाना, जास्तीचा प्लग, पॉलिश पेपर आणि गुंडाळलेली क्लच केबल कायम. बाजारपेठेच्या टोकाला ज्यांचं गॅरेज होतं त्या मिस्त्रींनी तिला एकेक करून सगळं शिकवलं होतं. ते म्हणायचे, "ताई, तुम्ही सुया टोचायचं सोडून माझ्याकडे लागा, दोघांचं भलं होईल."

सिस्टरची एक ठेवणीतली गोष्ट होती. कोणाचा निरोपसमारंभ असो की लग्नाची पंगत, लोक तीच सांगायला लावायचे. एकदा चढणीच्या मधोमध गाडी बंद पडली. कार्बोरेटर उघडून पाहते तर जेट तुंबलेला. जेट म्हणजे पितळेची बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्या बारीक छिद्रातून पेट्रोल जातं. टाकीतला गंजाचा कण तिथे अडकून बसला होता आणि जवळची एकही तार त्या छिद्रात जाईना. मग सिस्टरने बॅगेतून सिरिंजची सुई काढली, छिद्र मोकळं केलं आणि किक मारली. "गाडीला इंजेक्शन दिलं," ती म्हणायची, "आणि पेशंट उठून पळायला लागला." लोक पोट धरून हसायचे.

अशा बाईला आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरांनी एक दिवस बोलावून घेतलं. डॉक्टर वयाने सिस्टरच्या मुलीएवढ्या, पण कामाला वाघ. अंगणात एक कोरी करकरीत मोटारसायकल उभी होती.

"सिस्टर, अकराही सिस्टरना गाड्या द्यायचं वरून ठरतंय," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्या दहाजणी जीपची वाट बघत निम्मा दिवस घालवतात, तुम्हाला माहीतच आहे. आता प्रश्न एवढाच, नव्या घ्यायच्या की तुमच्यासारख्या जुन्या दणकट. तीन महिने ही चालवा आणि अहवाल लिहा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

अहवालाचा छापील कागद होता. त्यात दोन रकाने: विश्वासार्हता आणि पसंती. सिस्टरने कागद घडी करून खिशात टाकला. तिचा निकाल तेव्हाच लागला होता. फक्त लिहायचा बाकी होता.

मिस्त्रींना तिने नवी गाडी दाखवली. त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, उकिडवे बसून खालून पाहिलं आणि उठताना गुडघ्यांवर हात टेकवले. "ताई, हिचं पोट कुठून उघडायचं तेच कळत नाही हो. कार्बोरेटर नाही, चोक नाही. सगळं आत कुठेतरी एक डबी ठरवते म्हणे. जुनी गाडी कुठे दुखतंय ते ओरडून सांगते. ही नुसता पिवळा दिवा लावून बसणार."

पहिले काही दिवस सिस्टरला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. बटण दाबलं की गाडी सुरू. किक मारायला उचललेला पाय रिकामाच खाली यायचा. ब्रेक मात्र असे की ओल्या उतारावर एकदा समोर शेळी आली, तिने दचकून पूर्ण ब्रेक दाबला, आणि गाडी न घसरता सरळ रेषेत थांबली. जुन्या गाडीवर ती आणि शेळी दोघी ओढ्यात गेल्या असत्या. हे तिने मनाशी कबूल केलं, पण कोणाला सांगितलं नाही.

वरच्या वस्तीत मात्र फजिती झाली. लसीकरणाच्या दिवशी ती नव्या गाडीने अंगणात येऊन उभी राहिली तरी कोणाला पत्ता नाही. चौदा पोरं यायची होती, सहाच आली. बाकीच्यांच्या आया रानात गेलेल्या. एक म्हातारी दारात पाय पसरून बसली होती, ती म्हणाली, "तू आलीस कधी गं? मांजरासारखी आलीस. आम्ही कान लावून बसलो होतो."

आणि मग दीड महिन्याने ती गाडी बंदच पडली. चिखलातून वर आल्यावर सिस्टरने स्टँडवर लावून एका घरी औषध दिलं, परत आली, बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. गिअर टाकला की बंद. पुन्हा सुरू, पुन्हा गिअर, पुन्हा बंद. दिवा पेटलेला. लसीच्या पेटीतला बर्फ पाणी होत चाललेला. इतक्या वर्षांत प्रथमच तिच्या हातांना काय करावं ते सुचेना. शेवटी वस्तीतल्या दोघांनी गाडी ढकलत खालच्या रस्त्यावर आणली, सर्व्हिस सेंटरला फोन झाला आणि तिथून तिशीतली एक मेकॅनिक बाई आली. तिने खाली वाकून पाहिलं, पाण्याची बाटली मागितली, साइड स्टँडच्या मुळाशी पाणी ओतून बोटाने चिखल खरवडला. गाडी सुरू.

"इथे एक छोटा स्विच असतो," ती म्हणाली. "स्टँड खाली राहिलं असेल तर गिअर टाकल्यावर गाडी बंद पडावी, म्हणजे माणूस पडत नाही. चिखल बसला की त्याला वाटतं स्टँड खालीच आहे."

"दोन मिनिटांचं काम," सिस्टर चिडून म्हणाली.

"हो. माहीत असेल तर."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

मेकॅनिक बाईने हात पुसले. "कोणी विचारतच नाही, ताई. गाडी घेताना सगळे रंग विचारतात."

सिस्टर घरी आली ती फणकाऱ्यातच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने अहवालाचा कागद पसरला. मास्तर खिडकीपाशी पेन्सिलींना टोक करत बसले होते.

"जुनी गाडी मला कधीच दगा देत नाही, असं लिहिते," ती म्हणाली.

मास्तर हळूच हसले. "मी मागे बसून किती वेळा ढकलली आहे, त्याचा हिशोब तुझ्याकडे नसेल. अगं, तुझ्या भेटींच्या डायऱ्या आहेत ना कपाटात? त्या बघून लिही. आठवणीवर विसंबू नकोस. माझी चित्रंसुद्धा आठवणीतून काढली की जास्तच सुंदर होतात."

डायऱ्या निघाल्या. दर वर्षाची एक. सुरुवातीला ती गालात हसत वाचत होती. मग हसू कमी होत गेलं. 'प्लग बदलला, उशीर.' 'केबल तुटली, चालत.' 'किक लागेना, जीपने.' एका वर्षात असं एकोणीस वेळा. नव्या गाडीचं दीड महिन्यात एकदा. दुपारच्या सुमारास ती एका पानावर थांबली आणि बराच वेळ पान उलटलंच नाही.

पानावर तिच्याच अक्षरात होतं: 'वरची वस्ती, बाळंतपण. वाटेत गाडी बंद, सुईने जेट साफ केला. चाळीस मिनिटं उशीर. आई ठीक. मूल गेलं.'

ती तीच गोष्ट होती. तिची ठेवणीतली, पंगतीतली. गोष्ट ती नेहमी गाडी सुरू झाली तिथे संपवायची. पुढचं तिने कधी गाळलं ते तिलाही आठवेना. एकदा गाळलं आणि मग ते तिच्यापुरतं नाहीसंच झालं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. पुढे वर्षभराने तू ते हसून सांगायला लागलीस. मला वाटलं, तुला पुढे चालायला तसंच सांगावं लागत असेल. म्हणून मीही हसायचो."

दोन दिवसांनी सिस्टर वरच्या वस्तीत गेली. त्या बाळंतपणातली बाई अजून तिथेच राहत होती. आता चाळिशी ओलांडलेली, दोन मोठ्या मुलांची आई, वस्तीतले सगळे कपडे तीच शिवायची. सिस्टर दारात उभी राहिली तेव्हा ती मशीनवर वाकून बाही जोडत होती. उगाच आढेवेढे न घेता सिस्टर खाली बसली आणि त्या दुपारबद्दल बोलली. आपण ती गोष्ट लोकांना कशी सांगत आलो, तेही सांगितलं.

शिवणकामवालीने पायाखालचं पायडल थांबवलं. थोडा वेळ तिने हातातल्या कापडाची घडी नीट केली.

"मी ऐकत होते सिस्टर," ती म्हणाली. "पुलावर आवाज आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आली बघ. मग वळणावर बंद झाला. मी आकडे मोजायला लागले. किती मोजले आठवत नाही."

सिस्टरने मान खाली घातली.

"मग परत सुरू झाला. तेव्हा मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला कसं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही परत गेलात. मूल वाचायचं नव्हतं कदाचित, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पण त्या घरात मी एकटी पडले नाही."

"म्हणजे तुझ्या मते जुनीच गाडी बरी?"

"असं कुठे म्हटलं मी?" शिवणकामवाली पहिल्यांदा हसली. "न थांबता येणारी मिळत असेल तर तीच घ्या. आवाजाचं काय घेऊन बसलात? माझ्याकडे फोन आहे. तुम्ही निघालात की मला कळवा, मी घराघरांतून सांगून येते. तसंही बसून बसून माझी कंबर धरते."

त्या दिवशी उतरताना सिस्टरने गाडी वळणावर थांबवली, क्षणभर उभी राहिली आणि मग पुढे निघाली. रडली नाही. घरी आल्यावर जेवली मात्र पोटभर.

तीन महिने भरले तेव्हा अहवाल तिने एका बैठकीत लिहिला. विश्वासार्हतेच्या रकान्यात लिहिलं: 'नवी. जुनी गाडी भरवशाची आहे असं मला वाटत होतं, कारण तिची प्रत्येक खोड मला पाठ होती. भरवसा गाडीत कमी आणि माझ्या हातात जास्त होता, तरीही ती मला वर्षाला एकोणीस वेळा उशिरा पोचवत होती. नवी क्वचित बंद पडते, पण पडली की चालवणारीला काहीच कळत नाही. म्हणून गाडीबरोबर दोन दिवसांचं शिक्षण द्यावं, तेही चिखलात हात घालून. ते नसेल तर नवी गाडी घेऊ नये.' पसंतीच्या रकान्यात तिने एकच ओळ लिहिली: 'जुनी. पण पेशंटसाठी गाडी ठरवताना माझी पसंती विचारू नये.'

डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "हे मी असंच वर पाठवणार," त्या म्हणाल्या, "एक शब्दही बदलणार नाही."

मंजुरी यायला पाच महिने लागले. दरम्यान वरच्या वस्तीतल्या पुढच्या लसीकरणाला चौदाच्या चौदा पोरं हजर होती. शिवणकामवालीने दारोदार जाऊन, एकाला तर माळ्यावरून खेचून आणलं होतं.

दहा गाड्या आल्या तेव्हा आरोग्य केंद्राच्या अंगणात शाळाच भरली. डॉक्टरांनी सर्व्हिस सेंटरच्या त्या मेकॅनिक बाईंना बोलावलं होतं. मिस्त्री आपणहून आले, "बघायला फक्त" म्हणून, आणि तासाभरात वही मागून लिहायला बसले. कुठला फ्यूज कशाचा, दिवा कितीदा लुकलुकला तर काय, हे मेकॅनिक बाई सांगत होती आणि मधूनच मिस्त्रींना विचारत होती की चेन किती सैल ठेवायची. कारण ते त्यांच्यासारखं कोणाला कळत नव्हतं. अंगणात पाणी ओतून मुद्दाम चिखल केला होता. दहाही सिस्टर कोपरापर्यंत माखल्या होत्या आणि एकमेकींची टर उडवत होत्या.

त्यांतली एक, सगळ्यांत लहानखुरी, सकाळपासून मागे मागे राहत होती. तिचं म्हणणं, मला जीपच बरी. सिस्टरने तिला हाताला धरून गाडीवर बसवलं.

"पाय पोचतात का?"

"टोकं पोचतात."

"टोकं पुरेत. माझा नवरा अठ्ठावीस वर्षं मागे बसतोय, त्याचे तर तेवढेही पोचत नाहीत."

भिंतीपाशी चहा घेत उभ्या असलेल्या मास्तरांनी कप उंचावून दुजोरा दिला. पोरगी हसली, क्लच सोडताना गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा हळू सोडला. गाडी डुगडुगत निघाली, कडुनिंबाला वळसा घालून फाटकापाशी गेली, तिथे वळता वळता जवळजवळ कुंडीवर आदळली, पण सावरली. सिस्टर काही अंतर तिच्याबरोबर धावली, मग दम लागला म्हणून थांबली. फाटक उघडंच होतं. लहानखुरी सिस्टर फाटकाबाहेर पडली आणि रस्त्याने सरळ, ताठ बसून, कोणाकडेही न बघता पुढे गेली.

"अगं, वळून ये आता," मेकॅनिक बाई ओरडली.

"जाऊ दे तिला," सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाली. "वळायचं कसं ते उद्या शिकवू."