घासलेली पट्टी आणि लाल शाईची सही

जावळे सरांची आणि माझी पहिली ओळख त्यांनी माझी प्रयोगवही परत केली तेव्हा झाली. टेबलावरून त्यांनी ती हलकेच माझ्याकडे सरकवली होती, पण अठराव्या वर्षी मला ती फेकल्यासारखीच वाटली. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आधी तीच गोष्ट सांगते आहे, याबद्दल संपादकांनी रागावू नये.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. प्रा. तुळशीराम जावळे सर नुकतेच नागपूरहून एम.एस्सी. होऊन आमच्या कॉलेजात रुजू झाले होते. घर अनसिंगजवळ, माळ्यांचं. त्यांच्या आई तेव्हाही बाजारात वांगी विकायला बसत आणि सर ते कौतुकानं सांगत. मी मेडशीहून एस.टी.नं येणारी, वर्गातल्या मोजक्या मुलींपैकी एक.

प्रयोग होता साध्या लंबकाचा. दोऱ्याला गोळी बांधायची, दोऱ्याची लांबी मोजायची, झोके मोजायचे आणि गुरुत्वाचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊशे ऐंशी होता, म्हणून माझ्या वहीतही तिन्ही वेळा नऊशे ऐंशीच आला. आमच्यात रीतच होती तशी. उत्तर आधी लिहायचं, निरीक्षणं मागून भरायची आणि पाचची बस गाठायची.

सरांनी वही पाहिली. "हे इतकं बराबर जुळलं कसं वं?"

"नीट मोजलं, सर."

"माही माय बाजारात दुसऱ्याची तागडी एकदम सरळ दिसली का पारड्याखाली हात घालते," सर म्हणाले. "लाकडाची घरची तागडी आपल्या मनानं सरळ राहत नाही. राह्यली तर कोनं तरी हलक्या पारड्याखाली पासंगाचा खडा बांधला असते. तुह्या वहीत कोनं बांधला, ते पाहून ये."

वहीवर सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे, आणि परीक्षा तोंडावर आली होती. दुसऱ्या दिवसापासून मी खरंखुरं मोजायला लागले. उत्तर आलं नऊशे नव्वदच्या घरात. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चार दिवस मी त्या लंबकाशी भांडत होते. त्या दिवसांत मला उशीर होई, तेव्हा सर सायकलवर स्टँडला जाऊन कंडक्टरला सांगत, "मेडशीची पोरगी येऊन राह्यली, पाच मिनिटं थांबा." हे मला कंडक्टरकडून कळलं, सरांनी कधी बोलून दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी मी रडले. डोळे पुसून लांबी मोजायची पट्टी उचलली, तर तिचं टोक हाताला गुळगुळीत लागलं. वर्षानुवर्षं झिजून शून्याची रेघ केव्हाच नाहीशी झाली होती; जवळजवळ सेंटीमीटरभर टोक गेलं होतं, म्हणून प्रत्येक लांबी तेवढी जास्त भरत होती. त्या पट्टीनं प्रामाणिकपणे मोजणाऱ्याला नऊशे ऐंशी येणं शक्यच नव्हतं. सरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "मग सांगितलं काहून नाही?" असं मी जरा रागानंच विचारलं. "सांगतलं असतं तर तुले सापडलं नसतं," म्हणाले आणि नऊशे नव्वदच्या खाली लाल शाईनं सही केली. त्या सहीइतका आनंद मला पुढं कुठल्याही पदवीनं दिलेला नाही.

एम.एस्सी.साठी मला नागपूरला पाठवायला बाबा तयार नव्हते. तेव्हा सर वांग्यांची पिशवी घेऊन मेडशीला आमच्या घरी आले. बाबांनी जयभीम घातला, सरांनीही जयभीम म्हणूनच उत्तर दिलं आणि मांडी घालून आमच्यात जेवायला बसले. त्या काळी हे सहज घडत नसे. जेवताना बाबांनी विचारलं, "सर, एवढं शिकून पोरगी काय करीन?" सर म्हणाले, "ते मले नाही सांगता येत. पन खोटं लिहिनार नाही, हे सांगतो." बाबांनी त्यावर मला जाऊ दिलं.

पुढं मी कणभौतिकीत शिरले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आमच्या विषयात एक प्रश्न ऐरणीवर आला होता. इतर कणांना वस्तुमान देणारा जो कण मानला जात होता, त्याचं स्वतःचं वस्तुमान आमच्या गणिताप्रमाणे अवाढव्य यायला हवं. ते लहान ठेवायचं तर दोन प्रचंड आकडे एकमेकांतून वजा होऊन कितीतरी अंकांपर्यंत तंतोतंत जुळायला हवेत. काही जण म्हणत, जुळले असतील योगायोगानं. मला ते पटेना. सरळ तागडी दिसली की पारड्याखाली हात घालायचा, हे मी वाशीममध्ये शिकले होते. हा पासंग म्हणजे अजून न सापडलेले नवे कण असणार, असं मानून मी उभं आयुष्य त्यांच्या गणितात घातलं.

मग असे कण शोधण्यासाठी युरोपात जमिनीखाली बांधलेलं ते महाकाय यंत्र सुरू झालं. तो कण सापडला, हलकाच निघाला. माझे कण मात्र आले नाहीत. वर्षं गेली, मी निवृत्त झाले, तरी आले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात सरांना भेटायला गेले. अनसिंगच्या मळ्यात सर बाजेवर बसले होते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी मनात होतं तेही बोलले, "सर, चाळीस वर्षं वाया गेली असं वाटतं."

सरांनी सरकून बाजेवर मला जागा करून दिली. मग विचारलं, "पासंग नाही सापडला?"

"नाही."

"मंग तागडी सरळ काहून हाय?"

"अजून कोणालाच माहीत नाही, सर."

"आन् तू मनचे आकडे लिहिले काय कुठं?"

"नाही, सर. एकही नाही."

"वही दाखव."

पिशवीत माझी गणिताची वही होती. सरांनी चष्मा लावला, नातीकडून लाल पेन मागून घेतलं आणि शेवटच्या लिहिलेल्या पानाच्या तळाशी सही केली. मी वाशीमपर्यंत बसमध्ये रडत आले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या वहीत अजून पुष्कळ कोरी पानं आहेत, सर. मी ती भरणार आहे. सही करायला तुम्ही हवे आहात, धडधाकट, मळ्यातल्या बाजेवर बसलेले. तेवढं कराच.