आजोबांचा डावखुरा वस्तरा आणि यादवराव

यादवराव हिरवे यांची आणि माझी ओळख माझ्या अडाणीपणामुळे झाली, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल केलेलं बरं. महूच्या पलटणीत असलेल्या माझ्या आजोबांचा वस्तरा आमच्या घरी होता. वडील अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरले तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला, "दाढी बाबांच्या वस्तऱ्यानंच कर." पातं मात्र एकीकडे जास्त झिजलेलं, धार वाकडी. ती सरळ करायला मी सियागंजच्या बाजारातून खरबरीत दगड आणला आणि दोन दिवस जोर लावून घासत बसलो. होतं तेही बिघडलं.

कोणीतरी परदेशीपुऱ्यातलं यादवरावांचं घर सांगितलं. ते गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर पुढच्या खोलीत जुने वस्तरे दुरुस्त करू लागले. मी घाबरतच पुडकं उघडलं. यादवरावांनी पातं उजेडात धरलं आणि विचारलं, "आजोबा डावखुरे होते क्या?"

ते माझ्या जन्माआधीच गेले होते. मी तिथूनच वडिलांना फोन लावला. "डावखुरेच. पलटणीत सगळे चिडवायचे त्यांना," वडील म्हणाले आणि हसले. आजारपणानंतर त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"देखो भिया," यादवराव म्हणाले, "ह्याला सीधा करायला गेलो तर लोहा संपून जाईल. ज्या हातानं झिजला, त्याच्याच हिसाबानं धार देऊ ना."

त्यांची रीत अशी. धारेला स्केचपेनची शाई लावायची आणि पातं एकदाच, हलकेच दगडावरून फिरवायचं. जिथे शाई राहिली तिथे दगड पोचलेला नाही. मग अरुंद दगडावर पातं त्याच्या वळणानं फिरवत तेवढीच जागा घासून घ्यायची. या कामाला त्यांनी तीन आठवडे लावले. एवढंच नव्हे, पहिल्या दाढीला ते स्वतः आमच्या घरी आले आणि वस्तरा धरलेला माझा हात त्यांनी आपल्या हातात धरला. वडिलांनी गालावरून बोटं फिरवली आणि डोळे मिटून पडून राहिले. त्या दिवसापासून मी यादवरावांचा शिष्य झालो.

गुरू म्हणून ते कडक आहेत. मी घाई केली की दगड उचलून आत नेऊन ठेवतात. एका हौशी संग्राहकाला वस्तरा नव्यासारखा चकचकीत हवा होता. "तर नवा घ्या ना, साहेब," म्हणत यादवरावांनी तो तसाच परत केला.

आता ते पंचाहत्तरीत आहेत आणि अंगठा थरथरतो. परवा त्यांनी स्वतःच्या दाढीचा वस्तरा माझ्यापुढे ठेवला. "तू कर. मुझसे नहीं होगा." मला खरंच भीती वाटली. एक घासा जास्त बसला तर पन्नास वर्षांचा सोबती वाया जायचा. मी शाई लावली, पातं फिरवलं. टोकाकडे शाई तशीच राहिली होती; यादवरावांचा हात तिकडे नेहमीच हलका पडत आला असणार. मी काही सरळ केलं नाही. त्यांच्याच वळणानं गेलो. यादवरावांनी धार बघितली आणि चहा सांगितला.

त्या पात्यात अजून पुष्कळ पोलाद शिल्लक आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. यादवरावांनी ते रोज सकाळी आरशासमोर, स्वतःच्याच हातानं, सावकाश झिजवत राहावं.