नापाचा शर्ट

आमच्या गावचा शिंपी चौकात बसून माप घेतो, आणि मोठ्याने. तो टेप लावून आकडा ओरडतो, आतून त्याची बायको लिहून घेते आणि कुणाचं पोट किती सुटलं ते पारावरच्या सगळ्यांना कळतं. म्हणून बहुतेक लोक अंगाचं माप देतच नाहीत. नीट बसणारा एखादा जुना शर्ट नेऊन देतात. त्याला नापाचा शर्ट म्हणतात.

माझे मिस्टरही तेच करायचे. अस्वलाच्या आधी.

मोहफुलं गळायचे दिवस होते. पहाटे ते झाडाखाली फुलं वेचायला गेले आणि त्याच झाडाखाली पिल्लांसोबत अस्वल आलं. जीव वाचला. चंद्रपूरच्या दवाखान्यात हाड जुळवलं, पण उजव्या खांद्याचं मांस गेलं ते गेलं. तिथे खळगा राहिला आणि दंड वाळत गेला. घरी आणल्यावर लोक बघायला आले. "दाखवा ना भाऊ," असं सरळ म्हणायचे. एकाने तर समजूत काढली, "वाघ असता तं पेपरात फोटो आला असता भाऊ तुमचा. अस्वलीनं काही नाव नाई होऊ देलं." सगळे हसले. मिस्टरही हसले. त्यानंतर ते चौकात गेले नाहीत.

आंघोळ दार लावून, शर्ट घालायचा तो भिंतीला पाठ टेकून. टाके निघाल्यापासून मलाही तो खांदा दिसला नव्हता. मी अंगणवाडी सेविका आहे. गावातल्या लहान पोरांचे दंड मी रंगीत पट्टीने मोजते. लाल आला तर पोर कुपोषित, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं, हिरवा आला तर बरं. सगळ्या गावाचे दंड मला माहीत, घरातला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. ती नागपूरला नोकरी करते, मुलगाही तिथलाच. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या घरी झालं. मिस्टर शाल पांघरून बसले होते. मुलाच्या वडिलांना गरम होऊ लागलं तसा त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टांगला आणि जेवायला बसले. जेवण होईपर्यंत मिस्टर त्या कोटाकडे बघत होते.

पाहुणे गेल्यावर म्हणाले, "कोटाले आपला खांदा असते वो. आत माणूस नसला तरी."

"मंग?"

"मले कोट पाहिजे. नाईतर मी मांडवात येत नाई. तुहा दीर आहे, तो करन कन्यादान."

कन्यादानाची त्यांना भीती नव्हती. ते बसून करायचं असतं, शाल चालते. भीती होती इवाईभेटीची. वरात दारात आली की मुलाचा बाप आणि मुलीचा बाप, दोघे इवाई, एकमेकांना हार घालतात आणि कडकडून मिठी मारतात. कोण कुणाला उचलतो ते बघायला लोक खुर्च्यांवर चढतात. शालीतल्या माणसाला मिठी मारली की शाल खाली येते.

मुलीनेच उपाय काढला. फोनवर म्हणाली, "आई, ऑनलाइन मागवू. शिंपी नको, चौक नको. घरी माप घ्यायचं, फोनवर टाकायचं. ते कोट-पॅन्ट शिवून पाठवतात."

मला ते पटलं. मोजायचं तर मला येतंच होतं.

रविवारी मुलगी व्हिडिओ कॉलवर एकेक विचारत गेली, मी टेप लावत गेले. मिस्टरांनी उंची दिली, कंबर दिली, पाय दिले, डावा हात दिला. टेप उजवीकडे नेला तसं त्यांनी माझं मनगट धरलं. मग आत गेले आणि पेटीतून शर्ट घेऊन आले.

"हे घे. बाकीचं याच्यावरून टाक."

"हा तं अस्वलीच्या आधीचा आहे."

"शिंप्याले आजवर काय देलं? नापाचा शर्टच देला ना?"

"शिंपी तुमाले रोज पाहत होता. हे लोक कुठी पाहून राह्यले तुमाले?"

"तेच तं पाहिजे," ते म्हणाले.

मी खांदा, छाती आणि उजवी बाही शर्टावरून मोजली.

कंपनीला फोटोही हवे होते, समोरून, बाजूने, पाठीमागून. मिस्टर आत गेले आणि बाहेर आले तेव्हा उजवा खांदा डाव्यासारखाच भरलेला होता. शर्टाच्या आत दुपट्ट्याची घडी घातली होती.

"बाबा, किती मस्त..." मुलगी म्हणता म्हणता स्क्रीनच्या जवळ आली.

"कोट फोटोले नाई बसवाचा," मी म्हटलं. "अंगाले बसवाचा आहे."

"तू काढ ना फोटो."

मी काढले. लग्न जवळ आलं होतं, आणि कोट मागवलाच नाही तर ते येणार नाहीत हे नक्की होतं. आल्यावर आतून दुरुस्त करता येईल असं मी ठरवलं.

आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही. पार्सल तालुक्याहून, पोंभुर्ण्याहून मीच आणलं. निळा कोट, आत चकचकीत अस्तर, शिलाई उत्तम. मिस्टरांनी घातला. डावी बाजू अशी बसली की मी इतक्या वर्षांत त्यांना एवढ्या नीट कपड्यात पाहिलं नव्हतं. उजवीकडे कॉलर मानेपासून सुटून खाली घसरली, खांद्याची गादी दंडावर आली, बाहीतून बोटं दिसेनात. कोट त्या पहाटे मोह वेचायला गेलेल्या माणसाच्या मापाचा होता.

मुलीने तक्रार टाकली. तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणेच शिवलं आहे, असं उत्तर आलं. ते खरंच होतं.

"शर्ट काढा," मी म्हटलं. "मोजून आतून भरते."

"वरूनच भर."

मग कापसाची गादी करून मी ती अंदाजाने कोटाच्या आत टाचली. तीनदा उसवली, तीनदा लावली. शेवटी समोरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मिस्टर आरशासमोर बराच वेळ उभे राहिले.

"चालते," म्हणाले.

लग्न पोंभुर्ण्याच्या मंगल कार्यालयात होतं. ऊन असं की वाजंत्रीवाले सावली सोडायला तयार नव्हते. मिस्टर त्या कोटात दारात उभे राहिले. घामाने कॉलर भिजली, पण ते ताठ होते. गावातली माणसं येऊन म्हणत होती, "अरे वा भाऊ! सायेब दिसून राह्यले!" ते हसत होते. मला वाटलं, जमलं.

वरात आली. मुलाचे वडील मोकळ्या मनाचे, दणकट गृहस्थ. त्यांनी हार घातला आणि दोन्ही हातांनी मिस्टरांना ओढून जवळ घेतलं. त्यांचा डावा हात मिस्टरांच्या उजव्या खांद्यावर पडला आणि आत गेला. टाके सुटले. गादी पाठीवर घसरली आणि ती बाजू रिकामं पोतं बसावं तशी बसली.

"अरे बापरे! लागलं काय भाऊ?" ते घाबरून ओरडले. "थांबा, थांबा! पानी आना कोनी! खांद्याले लागलं यायच्या!"

चांगला माणूस. मी त्यांना कधीच दोष दिला नाही. पण चौकातला शिंपीसुद्धा इतक्या मोठ्याने ओरडत नाही. खुर्च्यांवर उभे असलेले सगळे बघत होते. मागून एक बाई म्हणाली, "माय वो, आत काहीच नाई."

मिस्टरांनी हातातला हार इवाईच्या गळ्यात घातला. तो डाव्या हाताने घालावा लागला. मग ते वळले आणि जनरेटरच्या बाजूने बाहेर गेले.

कन्यादान माझ्या दिराने केलं. मुलीने एकदाच माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि तिने हात पुढे केला. सगळं आटोपल्यावर मी आमच्या भाड्याच्या गाडीकडे गेले. मिस्टर मागच्या सीटवर शर्टात बसले होते. कोट घडी करून मांडीवर.

"झालं काय?"

"झालं."

"रडली काय ते पोरगी?"

"नाई. फोटोत बिघडन म्हणून नाई रडली."

निघताना मुलगी गाडीपाशी येऊन पाया पडली. ते खाली उतरले नाहीत, खिडकीतूनच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर महिनोन्‌महिने ते घराबाहेर पडले नाहीत. मुलगी माहेरपणाला आली आणि गेली. जावई बोलत, मिस्टर फक्त ऐकून घेत. कोट खिळ्याला होता. कंपनीचे मेसेज येत राहिले की तुमचं माप आमच्याकडे जपून ठेवलं आहे, पुन्हा मागवा.

धान पिकायला आला तेव्हा रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शिरू लागली. जागलीला, रात्रभर पीक राखायला, माणूस मिळेना. एका दुपारी मिस्टरांनी खिळ्यावरचा कोट काढून माझ्यापुढे टाकला.

"उजवी बाही कमी करून दे. मचानीवर थंडी लागन, आन् बाही हाती अडकन."

"किती कमी करू?"

त्यांनी अंगणात, उन्हात, शर्ट काढला. मी पाहिलं. शिवणाचा टेप सापडेना म्हणून अंगणवाडीचीच पट्टी दंडाला लावली.

"हिरव्यात हाय काय?" त्यांनी विचारलं.

"हिरव्याच्या थोडं पुढं."

"म्हंजे पास."

"पास."

आकडा मी बोलले नाही. बाही कापली, दंडाशी आत घेतली, दुमडून शिवली, गादी काढून टाकली. दिवस मावळायच्या आधी ते कोट घालून, टॉर्च घेऊन निघाले. आमच्या बांधीला चौकातून गेलं की जवळ पडतं. ते जंगलाच्या वाटेने गेले.