चौकातली घडीची खुर्ची

मेलबर्नच्या आमच्या सबर्बात चौकातलं एकमेव बाक कौन्सिलने उचलून नेलं. म्हणे, लोक उगाच बसून राहतात! अहो, बाक असतं कशाला? मला संताप आला आणि मी तो गिळला. एका बाईने मात्र गिळला नाही.

दुसऱ्याच दिवशी ती घडीची खुर्ची घेऊन आली आणि बाकाच्या जागेवर काळा स्कर्ट सारखा करून बसली. ऐंशीची तरी असेल. मग रोजच दहा ते बारा. संत्रं सोलायची आणि सालं खिशात टाकायची. कचरा केला म्हणायला कुणाला जागा नको.

एकदा मी तिथून जात असताना कौन्सिलचा माणूस आला. "सॉरी लव्ह, इथे बसता येणार नाही."

तिने आधी त्याला संत्र्याची फोड दिली. मग म्हणाली, "मी अथेन्सची. आमच्या मोठ्या चौकासमोर राजाचा वाडा होता. लोक त्याच्या खिडकीखाली जमले आणि राज्यघटना कबूल करून घेतल्याशिवाय हलले नाहीत. चौकाला नावही घटनेचंच आहे. वाड्यात आता पार्लमेंट भरतं. मी तर नुसतं बाक मागतेय."

"पण किती दिवस बसणार?"

"राजालाही हाच प्रश्न पडला असेल."

घरी लेक म्हणाली, "आई, तू प्लीज यात पडू नकोस."

दुसऱ्या दिवशी दहाला मी नातवाच्या फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, मॅचला नेते ती खुर्ची घेऊन तिच्या शेजारी बसले. तिने अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

तो माणूस आलाच. "आता तुम्हीपण?"

"गाडीत अजून दोन खुर्च्या आहेत," मी म्हटलं.