अठरा कामट्यांची आकृती

या सदरातील अनुभव मी आजवर काहीशा तुच्छतेनेच वाचत आलो. ज्याला सिद्धता नाही ते मानायचे नाही, ही गणिताच्या प्राध्यापकाची सवय. तरीही हे लिहितो आहे... कारण लिहिल्यावाचून स्वस्थ बसवत नाही.

मी अंबाजोगाईचा. सव्वीस वर्षांपूर्वी वर्गात प्रश्न घातला होता – गोलात मावणाऱ्या आठ कोपऱ्यांच्या बहिर्वक्र आकृत्यांत सर्वाधिक घनफळ कोणाचे? उत्तर मीच दिले : घनाचे. दुसऱ्या दिवशी सुनंदा नावाची विद्यार्थिनी ज्वारीच्या अठरा कामट्या भेंडाच्या आठ तुकड्यांत खोचून केलेली वेडीवाकडी आकृती घेऊन आली. “सर, कागद लावून दाणे भरले. घनापेक्षा हिच्यात जास्त मावतात.”

“दाणे मोजायचे तर मोंढ्यात जा, धान्याच्या बाजारात,” मी म्हणालो. वर्ग हसला. आकृती मी कचऱ्याच्या टोपलीत टाकली. सुनंदा पुन्हा वर्गात आली नाही.

हल्ली मी चार आणि त्याहून अधिक मितींतील अशाच आकृत्यांवर काम करतो. त्यासाठी जुने निष्कर्ष वाचताना कळले – तीन मितींतही घन सर्वांत मोठा नाहीच. तिचेच बरोबर होते.

मी तशीच आकृती स्वतः केली. एक कामटी मोडली, तिला अर्धवट जळालेली काडी लावून निळ्या दोऱ्याने बांधली. ती पिशवीत घेऊन गेल्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पत्ता शोधून चकलांब्याला, तिच्या सासरी पोहोचलो. क्षमा मागायची होती, एवढेच.

शिलाई मशीनवरून तिने मान वर केली. “या सर. परत कावून तरास घेतला?”

“परत?”

आतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, “ह्येच की ते मास्तर. पोळ्याला आलते. सुने, बिनसाखरेचा च्या टाक गं, त्यांना साखर चालत न्हाई.”

चकलांब्यात मी यापूर्वी कधीच पाऊल ठेवलेले नाही. साखरेचे मी कोणाला सांगितलेले नव्हते.

सुनंदाने फळीकडे बोट दाखवले. “तुमीच दिली न्हवं का?” तिथे आठ कोपऱ्यांची आकृती होती. भेंड पिवळे पडलेले, वर धूळ. एका कामटीला अर्धवट जळालेली काडी... निळ्या दोऱ्याने बांधलेली.

पिशवीत हात घातला. माझी आकृती पिशवीतच होती. ताजी, पांढरी.

“मी काय म्हणालो होतो, सुनंदा?”

“बोलनं कुठं झालं? लई रडलात, सर. सासूबाईंनी पानी दिलं. मी म्हन्लं, सोडा आता, माफ केलं.” ती हसली. “त्या दिसापासून मला बी हलकं वाटतंय.”

मी एक वाक्य पाठ करून गेलो होतो. रडणार नव्हतो, मला ते जमत नाही. तिचे हलके झालेले मन पाहून ते वाक्यही तोंडातून निघेना. चहा प्यालो, पिशवी न उघडता परतलो.

दोन्ही आकृत्यांचा विचार रोज करतो. उत्तर सापडत नाही. तिने क्षमा केली, पण जो रडला त्याला. मी अजून ती मागितलेली नाही.