मामांनी टेप पाठवली

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अकोल्याला माझे मामा वारले. मी अमरावतीला वर्गात शिकवत होते. तार शिपायाने हातात आणून दिली. महिना झाला, पण ती तार दुसऱ्या कुणाची असावी असं मला अजून वाटतं.

दुसऱ्याचं वाक्य अडू न देणारा असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल. दिवसा मामा कचेरीत कारकून, आणि वीस वर्षं एका हौशी नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर. विंगेत भिंतीकडे तोंड करून बसत आणि नट अडायच्या आधीच त्याला पुढचा शब्द देत. ही सवय बाहेरही सुटली नाही. लग्नात भटजी श्वास घ्यायला थांबले की मागून मामांचा मंत्र सुरू होई. मामी त्यांच्यावर चिडून बोलता बोलता अडली, तर तिला पुढचं वाक्य मामाच हळूच पुरवत, आणि तेही स्वतःला चांगलं झोंबणारं. मामी ते घेऊन भांडण पुरं करी, मग हसत सुटे.

अशा माणसाने एकदा कुणाला न सांगता मुंबईच्या एका नाटक कंपनीला पत्र लिहिलं. त्यांना बापाच्या भूमिकेसाठी वऱ्हाडी बोलणारा माणूस हवा होता. बुधवारी उत्तर आलं : सोबतचा प्रवेश टेपवर बोलून पाठवा, शनिवारी पोचला पाहिजे. म्हणजे टेप गुरुवारच्या टपालाने निघायला हवी. जठारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे टेपरेकॉर्डर होता. त्यांनी दवाखान्याआधीचा अर्धा तास दिला. प्रवेश बाप-लेकीचा होता, म्हणून मुलीची वाक्यं माझ्याकडे आली. मी तेव्हा मामांकडे राहून कॉलेजात शिकत होते; चारचौघांत तोंड न उघडणारी. मामांची दोन्ही कामं संध्याकाळपर्यंत पाठ झाली. मामीने बजावलं, "उद्या फक्त आपलं बोलजा. पोरीचं पोरीले बोलू द्या."

गुरुवारी सकाळी डॉक्टरांकडे दुसऱ्याच वाक्याला मी हुंदक्यासाठी थांबले, तर मामांनी शब्द पुरवला. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं, आणि आपलं वाक्य आलं तरी हात काढायचं विसरले. चौथ्यांदा सगळं नीट झालं असं वाटलं. डॉक्टरांनी टेप लावली. माझा आवाज स्वच्छ होता. मामांची नुसती कुजबुज. ते भिंतीकडे तोंड करून, प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये असं बोलले होते. बाहेर रोगी जमले होते. पुन्हा करायला वेळ नव्हता. मला वाटलं, आता ते टेप फेकून देतील. ते म्हणाले, "तुहा आवाज साजरा आला, बाई. पाठवून देऊ."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मामांना नकार होता, आणि मुलीचं काम करणाऱ्या बाईंना पाठवता का, अशी विचारणा. मामांनी ते मामीला शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवलं. एवढा मोठा आवाज त्यांच्याजवळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते माझ्या वडिलांची परवानगी काढायला त्याच दुपारी अमरावतीला निघाले, आणि घेऊनच आले.

मीच नाही म्हटलं. "काहून वं?" मामांनी विचारलं. मी परीक्षेचं कारण सांगितलं. त्यांनी ते खरं धरलं, आणि पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले की आमच्या भाचीने अभ्यासापायी मुंबई सोडली.

परीक्षा दूर होती. ज्यांना मामा नको होते, त्यांच्याकडे मला जायचं नव्हतं. एवढं त्यांना सांगायचं राहिलं.