लाल उजेडाचा आठवा हिस्सा

काचकाका,
ही घाईबाई बोलतेय. तोंडावर कौतुक केलं की ऐकू येऊ नये म्हणून तुम्ही नळ मोठा सोडायचात. आता नळ हाताशी नाही, ऐकावंच लागेल. तरी परक्या माणसाची सांगावी तशी तुमची गोष्ट सांगते, म्हणजे लाजायला नको.

तर, एका प्रयोगशाळेच्या तळघरात काचकाका कुप्या धुवायचे. बोटाएवढ्या, चौकोनी, महागड्या काचेच्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांत रंगाचं द्रावण भरून त्यावर प्रकाश सोडत. धुतलेल्या प्रत्येक कुपीवर काका हलकेच श्वास सोडत. वाफ सगळीकडे सारखी धरली तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. वरची एक मुलगी कुपी ओली असतानाच ओढायची. "घाईबाई, गाडी सुटतेय का? वाळू द्या की!" तेच तिचं नाव पडलं.

घाईबाईचा रंग पातळ द्रावणात हिरवा चमकायचा. दाट केला की हिरव्याच्या कडेला मंद लाल उजेड दिसे. आठ महिने ती त्याच्या मागे होती. तिच्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिला न पाहिला आणि निकाल लावला, "कुपी घाण आहे, हा लाल त्या घाणीचाच. म्हाताऱ्याला दिसत नाही आता. सोमवारपासून धुवायला दुसरा माणूस."

घाईबाईने काकांची बाजू घेतली असेल असं वाटतं ना? छे! ती तरातरा खाली गेली आणि काकांनाच झापलं, "तुमच्यापायी माझे आठ महिने पाण्यात गेले!"

काकांनी शांतपणे हात पुसले. "घाण कुठं आहे म्हणता? काचेला?"

"मग काय हवेत?"

"तर मग रंग निम्म्याने पातळ करा आणि ह्याच कुपीत भरा. रंग पातळ होईल, काचेवरची घाण कशी होईल?"

चार जिने चढून घाईबाईने द्रावण निम्मं पातळ केलं. हिरवा उजेड निम्मा झाला. लाल मात्र थेट आठवा हिस्सा! पुन्हा पातळ केलं, पुन्हा आठवा. घाणीचा उजेड होता तेवढाच राहिला असता. सुट्या रेणूंचा निम्मा झाला असता, जोडीचा पाव. आठवा हिस्सा म्हणजे तीन रेणू एकमेकांना बिलगून चमकत होते. गर्दी विरळ झाली की तिघांची गाठ पडणं भराभर कमी होतं. एकट्याला न जमणारा लाल ते तिघं मिळून देत होते.

सरांनी आकडे पाहिले, खाकरले. "बरं. राहू दे म्हाताऱ्याला." माफीबिफी काही नाही.

त्या आठव्या हिश्श्यावर घाईबाईला पदवी मिळाली, पुढे आयुष्यभर आवडीचं काम मिळालं. प्रबंधात आभार सरांचे छापले. खरे कुणाचे होते ते तिला पक्कं ठाऊक होतं.

माफी मागायला ती खाली गेली, तर काका म्हणाले, "ते असू द्या. तो लाल उजेड दाखवा एकदा. जन्मभर रिकाम्या कुप्याच पाहिल्या मी."

गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढवेनात. घाईबाई म्हणाली, रंग चमकवणारा जांभळा दिवा आणि भरलेली कुपी मीच खाली आणते.

"सवडीने आणा. घाई नाही."

घाईबाबत काकांचं तेवढं एकदाच तिने ऐकलं. काका निवृत्त होऊन गेले, त्या दिवशीही दिवा तिसऱ्या मजल्यावरच होता.